वेगवेगळ्या संगणकांवर मराठी कीबोर्ड एकसारखा कसा लावायचा?

सुरंगी (डिचोली)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात जत्रेला आणि काल्याला गावकऱ्यांचं नाट्यमंडळ मराठी नाटक उभं करतं. या नाटकांच्या हाताने लिहिलेल्या वह्या देवळाच्या कपाटात आहेत. पावसाळी ओलीने पानं चिकटलीत, कडा कसरीने खाल्ल्यात. पण समासातल्या खुणा अजून वाचता येतात: पेटीवाल्याने सूर कुठे धरायचा, पहाट होत आली तर कुठला प्रवेश गाळायचा, कुठल्या नटाने कुठलं पद वाढवून घेतलं. छापील पुस्तकात हे मिळणार नाही. म्हणून सगळं टंकून ठेवायचं मंडळाने ठरवलंय.

संगणक जमवलेत ते असे. मंडळाचा जुना डेस्कटॉप, त्यात विंडोज ७. इंग्लंडमध्ये स्विंडनला असणाऱ्या गावच्या माणसाने दिलेला लॅपटॉप, त्यात विंडोज ११. एका मुलाचा उबुंटूवाला लॅपटॉप. आणि आमच्या संगीत दिग्दर्शकांचा मॅकबुक.

प्रत्येकावर मराठी चालू करायची रीत वेगळी. एकावर क जिथे आहे तिथे दुसऱ्यावर भलतंच अक्षर. स्विंडनच्या लॅपटॉपवर @ दाबलं की " उमटतं. कोणी रोमनमधून मराठी लिहितो, कोणी इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण लेआउटने. चारही मशीनांवर एकच लेआउट बसवता येईल का? आणि कुठला बसवावा?

म्हादई_काठ (वाळपई)

सुरंगीबाय, काम फार मोलाचं आहे, नक्की तडीस न्या. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. बटणावर छापलेलं आणि पडद्यावर उमटणारं जुळत नाही, हा एक. मराठी कुठल्या पद्धतीने लिहायची, हा दुसरा. मी पहिल्याचं सांगतो.

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही. ‘अमुक जागेवरचं बटण दाबलं गेलं’ एवढा क्रमांक तो पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर करायचं काम विंडोज, मॅक किंवा लिनक्सचं. यूएसबी कीबोर्डला आपला देश कळवायची सोय प्रमाणकात आहे खरी, पण बहुतेक कीबोर्ड तिथे शून्यच पाठवतात. म्हणजे बटणांवर काय छापलंय हे मशीनला कळायला मार्ग नाही. लेआउट म्हणजे कुठल्या जागेला कुठलं अक्षर, याचा तक्ता. तो आपण निवडून द्यायचा असतो.

स्विंडनच्या लॅपटॉपचं कारण यातच आहे. ब्रिटिश कीबोर्डवर " हे २ च्या डोक्यावर असतं, @ एंटरजवळ ' च्या बटणावर, ३ वर £, आणि # ला एंटरला लागून वेगळं बटण. डाव्या शिफ्टच्या आणि झेडच्या मधेही एक जास्तीचं बटण असतं. भारतात मिळणारे कीबोर्ड अमेरिकन धाटणीचे, त्यांच्यात " आणि @ बरोबर उलटे. तुमच्या लॅपटॉपवर बटणं एका देशाची आणि तक्ता दुसऱ्या देशाचा आहे. आधी नीट बघा, @ छापलेलं बटण कुठे आहे. २ वर असेल तर बटणं भारतीय आणि तक्ता ब्रिटिश. एंटरजवळ असेल तर उलट.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. इंग्लिशसमोरच्या तीन टिंबांवर लँग्वेज ऑप्शन्स. तिथे ॲड अ कीबोर्ड म्हणून छापील बटणांशी जुळणारा घ्यायचा, मग नको असलेला काढायचा. या क्रमानेच करा, कारण यादीत एकच कीबोर्ड उरला असेल तर विंडोज तो काढू देत नाही. मराठीसाठी त्याच पानावर ॲड अ लँग्वेज, मराठी. बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेस.

विंडोज ७ वर कंट्रोल पॅनेल, रीजन अँड लँग्वेज, कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस, चेंज कीबोर्ड्स, ॲड. तिथे भाषा बदलायला डावीकडचं आल्ट आणि शिफ्ट. विंडोज ७ ची सुरक्षेची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली. ते मशीन इंटरनेटला जोडू नका, नुसत्या टंकनाला ठेवा. त्या कामाला ते उत्तम आहे.

सुरंगी (डिचोली)

देव बरें करूं, भाई! @ चं बटण एंटरजवळ आहे, म्हणजे बटणं ब्रिटिशच. यूके कीबोर्ड घातला आणि @ जागेवर आलं. पण आता लॅपटॉप बंद करून उघडला तर पासवर्ड चालत नाही. पासवर्डात @ आहे. लॅपटॉप मंडळातल्या तिघांनी वापरायचा आहे.

दोन_माड (फोंडा)

घाबरू नका, पासवर्ड गेलेला नाही. पासवर्ड विचारणाऱ्या पडद्याचा लेआउट वेगळा साठवलेला असतो, तो अजून जुनाच आहे. त्या पडद्यावर उजवीकडे खाली भाषेची खूण दिसेल, तिच्यावरून बदला. पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून धरलं की आपण काय टाइप केलं ते दिसतं. कुठलं चिन्ह चुकतंय ते तिथेच कळतं.

आत गेलात की लँग्वेज अँड रीजनच्या पानावर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज उघडा. कॉपी सेटिंग्ज असं बटण आहे. वेलकम स्क्रीन आणि नवीन यूजर, दोन्हींवर खूण करून ओके. तिघांची तीन खाती काढणार असाल तर हे खाती काढायच्या आधी करा, म्हणजे प्रत्येकाला तयार मिळेल.

सामाईक मशीनवर आणखी दोन गोष्टी मी नेहमी करतो. टायपिंगखाली ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज आहे. तिथे आल्ट-शिफ्ट काढून टाकतो. कॅपिटल अक्षर लिहिताना बोट चुकून आल्टवर जातं आणि मधेच भाषा पालटते. ज्याला कारण ठाऊक नाही तो कीबोर्ड खराब झाला म्हणून सोडून देतो. विंडोज-स्पेस चुकून दाबलं जात नाही, तेवढं एकच ठेवावं.

त्याच पानावर प्रत्येक खिडकीला वेगळा लेआउट ठेवायचा पर्याय आहे. तो चालू करा. संहितेची फाइल मराठीत राहते आणि ब्राउझर इंग्लिशमध्ये.

केवडा (पर्वरी)

आता दुसरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: इनस्क्रिप्ट.

हा आराखडा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये प्रमाण ठरवला आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो आहे. त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांत तो आधीपासून असतो. काही उतरवून घ्यावं लागत नाही. परक्या मशीनवर, सायबर कॅफेत, पंचायतीच्या संगणकावर, कुठेही बसलात तरी दोन मिनिटांत चालू.

रचना वर्णमालेवर बेतलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट धरलं की ख. त्याच्या वरच्या ओळीत आयवर ग आणि शिफ्टने घ. एलवर त-थ, वर ओवर द-ध. एचवर प-फ, वर वायवर ब-भ. खालच्या ओळीवर कठोर, वरच्या ओळीवर मृदू, आणि शिफ्ट धरलं की महाप्राण. शाळेत पाठ केलेली बाराखडी बोटांना आपोआप सापडते. मात्रेच्या बटणावर शिफ्ट धरलं की तोच स्वर: ईवर काना, शिफ्ट-ई म्हणजे आ. डीवर हलन्त, शिफ्ट-डी म्हणजे अ. जोडाक्षर हवं तर पहिलं व्यंजन, डी, दुसरं व्यंजन. एवढ्यात ‘क्षमस्व’पासून ‘धृतराष्ट्र’पर्यंत सगळं लिहून होतं.

गोव्यात आपल्याला आणखी एक फायदा आहे. देवनागरी कोंकणी, मराठी, हिंदी, संस्कृत, चौघींना हाच आराखडा. विंडोजमध्ये कोंकणी भाषा घेतली तर तिच्याबरोबर देवनागरी इनस्क्रिप्टच येतो. आपल्या नाटकांत नांदी संस्कृतात, संवाद मराठीत आणि मधेच एखादं गावरान पात्र कोंकणीत बोलतं. एका पानावर तीन भाषा आल्या तरी लेआउट बदलावा लागत नाही.

आबोली (मडगाव)

केवडाताईंचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. वह्या टंकायला बसणार कोण? कॉलेजातली पोरं. त्यांचा हात रोमनवर बसलेला आहे, मोबाइलवर ती तसंच लिहितात. त्यांना आधी इनस्क्रिप्ट शिका म्हटलं तर पहिल्या आठवड्यात निम्मी गळतील आणि वह्या कपाटातच राहतील. मला वह्यांची काळजी जास्त वाटते.

विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच येतो. मराठी भाषेच्या ऑप्शन्समध्ये ॲड अ कीबोर्ड केलं की यादीत दिसतो. इंग्लिश अक्षरांत उच्चार लिहायचा, मराठी शब्द समोर येतो. मराठी संकेतस्थळांवर जे वर्षानुवर्षं गमभन (रोमनमधून मराठी लिहायचं साधन) वापरत आलेत त्यांना हे नवं नाही.

फक्त एक सांभाळा. सुचवलेला शब्द न बघता घेतला की ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘बाळ’चं ‘बाल’ होतं. जुन्या संहितेत हे घातक आहे, कारण नंतर तपासणाऱ्याला वाटतं मूळ वहीतच तसं असेल. ण आणि ळ साठी मोठी अक्षरं वापरायची सवय पोरांना पहिल्या दिवसापासून लावा.

केवडा (पर्वरी)

आबोली, पोरं गळतील हे खरं आहे. तेव्हा मी असं म्हणेन: मशीनं सारखी करा, माणसांवर सक्ती नको. कोणीही कुठल्याही लेआउटने लिहिलं तरी फाइलमध्ये जातं ते युनिकोडच, म्हणजे प्रत्येक अक्षराचा सगळीकडे एकच असलेला क्रमांक. इनस्क्रिप्टने लिहिलेला क आणि फोनेटिकने लिहिलेला क यांत फाइलीच्या दृष्टीने काही फरक नाही. प्रत्येक मशीनवर तीन गोष्टी, त्याच क्रमाने ठेवा: इंग्लिश, मराठी इनस्क्रिप्ट, मराठी फोनेटिक. विंडोज ७ वर फोनेटिक आपोआप नसतो, तिथे इनस्क्रिप्टवाल्याला बसवा.

पण ज्यांना दोन-तीन वर्षं हे काम करायचं आहे त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावंच. फोनेटिकमध्ये डोळा सारखा सुचवण्यांवर जातो. वही बघून टंकायचं तर डोळा वहीवर हवा.

नीरफणस (काणकोण)

उबुंटूवाल्या मुलासाठी. सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकच्या चिन्हावर मराठी शोधा. नाही दिसलं तर आणखीच्या तीन टिंबांत ‘अदर’ आणि मग ‘इंडिया’खाली बघा, मराठी लेआउट भारताच्या गटात असतात. बदलायला सुपर-स्पेस, म्हणजे विंडोजचंच बटण आणि स्पेस. दोन्ही मशीनांना एकच सवय पुरते.

फोनेटिक हवा असेल तर आयबससाठीचं (उबुंटूत टंकनाच्या पद्धती सांभाळणारी यंत्रणा) एम१७एन नावाचं पॅकेज घालावं लागतं. ते घालून एकदा लॉगआउट केलं की यादीत मराठीच्या कितीतरी पद्धती दिसतात: इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, गमभन, टाइपरायटर, रेमिंग्टन (हाही जुन्या टाइपरायटरांचाच आराखडा). लॉगआउट केल्याशिवाय दिसत नाहीत, तिथे बरेच जण अडकतात. खिडकीनिहाय लेआउट ठेवायचा पर्याय इथेही त्याच पानावर आहे.

तिसवाडीकर (पणजी)

मॅकचं मी सांगतो. सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, टेक्स्ट इनपुट, इनपुट सोर्सेससमोर एडिट, मग अधिक. देवनागरी आणि देवनागरी-क्वर्टी असे दोन दिसतील, जुन्या मॅकवर ते हिंदीखाली असतात. पहिला इनस्क्रिप्ट, दुसऱ्यात अक्षरं इंग्लिश उच्चारांच्या जवळ बसवलेली आहेत. हिंदीखाली असले तरी ळ मिळतो, काळजी नको. बदलायला कंट्रोल-स्पेस. वर मेनूपट्टीत इनपुटची खूण दाखवायचा पर्याय चालू ठेवा, त्यातून कीबोर्ड व्ह्यूअर उघडतो. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं, शिफ्ट धरलं की वरची अक्षरं दिसतात. शिकणाऱ्याला याहून सोपं साधन नाही.

मॅकला बाहेरचा कीबोर्ड जोडलात आणि १ च्या डावीकडचं व झेडच्या डावीकडचं बटण एकमेकांची चिन्हं देऊ लागली, तर लेआउट बरोबर असूनही कीबोर्डचा प्रकार चुकीचा ओळखला गेलाय. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये चेंज कीबोर्ड टाइप आहे. ते उघडलं की मॅक स्वतःच दोन बटणं दाबायला सांगतो.

वेळूबन (म्हापसा)

आमच्या वाड्यावर पोर्तुगालहून आलेले लॅपटॉप बरेच आहेत, म्हणून लिहितो. पोर्तुगीज कीबोर्डवर एलच्या उजवीकडे ç असतं, त्यापुढे º, त्यापुढे ~. पोर्तुगीज लेआउट चालू असताना ~ किंवा ´ दाबलं की काहीच उमटत नाही. पुढचं अक्षर दाबल्यावर त्याच्या डोक्यावर ते चिन्ह बसतं. ही सोय स्वरचिन्हांसाठी आहे, बटण बिघडलेलं नसतं. @ साठी उजवं आल्ट धरून २.

इनस्क्रिप्टला मात्र याने बाधा येत नाही, कारण म्हादई_काठ यांनी सांगितलं तसं सगळं जागेवर चालतं. ç वर च, º वर ट, ~ वर ॉ. ब्रिटिश लॅपटॉपवर हाच ॉ एंटरला लागून असलेल्या # च्या बटणावर मिळेल. सुरंगीताई, ‘डॉक्टर’ लिहिताना तुमची पोरं इथे शोधत बसतील, आधीच सांगून ठेवा.

जाता जाता: १९३७ मध्ये पोर्तुगीज सरकारने टाइपरायटरसाठी स्वतःचा राष्ट्रीय आराखडा ठरवला होता. त्याची वरची ओळ क्वर्टीने नव्हे, तर एच, सी, ई, एस, ए, आर अशी सुरू होते. गोवा तेव्हा त्यांच्याच ताब्यात होता. त्या काळचा टाइपरायटर कोणाच्या माडीवर असेल तर भंगारात देऊ नका. पुढे पोर्तुगालनेही क्वर्टीच घेतला.

सुरंगी (डिचोली)

एवढी माहिती एका जागी कुठेच मिळाली नव्हती. उबुंटू आणि मॅक दोन्ही मार्गी लागले. आणखी दोन विचारते. आमच्यात एक निवृत्त काका आहेत. सरकारी कचेरीत मराठी टाइपरायटरवर त्यांची हयात गेली. त्यांचा वेग आमच्या कोणाच्याही दुप्पट, पण इनस्क्रिप्टवर बोटं अडतात. दुसरं म्हणजे मंडळाकडे काही नाटकं आधीच टंकलेली आहेत, पण आमच्या मशीनवर उघडली की नुसती इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं दिसतात. लेआउट बदलला तरी तसंच.

नीरफणस (काणकोण)

काकांना उबुंटूवर बसवा. वर सांगितलेल्या यादीत टाइपरायटर आणि रेमिंग्टन दोन्ही आहेत, त्यांच्या बोटांना जो ओळखीचा वाटेल तो ठेवा. विंडोजवरच बसायचं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचा आराखडा मिळतो. काही बटणं इकडची तिकडे असतील. ती त्यांनी कागदावर लिहून मशीनपाशी लावावीत. अशा माणसाला नवा लेआउट शिकायला लावू नये. त्यांचा वेग ही तुमच्या कामातली सगळ्यात मोठी शिल्लक आहे.

दोन_माड (फोंडा)

जुन्या फाइलींचा लेआउटशी संबंध नाही. त्या श्रीलिपी, आकृती किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये आहेत. तिथे फाइलीत इंग्लिश अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नाही, तर मराठी नाही. कुठला फाँट होता ते वर्डमध्ये वर फाँटच्या चौकटीत नाव दिसेल. त्या फाँटचा युनिकोड रूपांतरक वापरा आणि मूळ फाइल जपून ठेवा. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात, म्हणून प्रत्येक पान मूळ वहीशी ताडून बघा.

केवडा (पर्वरी)

टंकन सुरू करण्याआधी दोन अक्षरांचा निर्णय घ्या, नाहीतर पुढे शोधताना त्रास होईल.

‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीच्या सवयीने काही लेआउटवर लोक अ लिहून वर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला ते वेगळे. ‘ॲक्ट’ शोधलंत तर एका पोराने लिहिलेले अंक सापडतील, दुसऱ्याने लिहिलेले नाहीत. हिंदीच्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-१ ला ऍ येतो, तो तिसराच. चारही मशीनांवर एकेकदा लिहून बघा. जिथे ॲ थेट मिळत नाही तिथे लिहू द्या तसं, पण फाइल जमा झाल्यावर शोधून-बदलून एकच रूप करा.

‘ऱ्य’चंही तसंच. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘गावकऱ्यांनो’ असे शब्द नाटकात पानोपानी येतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे म्हणजे ऱ, मग डी, मग / च्या बटणावर य. साधा र घेतला तर ‘वार्यावर’ होतं आणि तो रफार होऊन बसतो. फोनेटिकवाल्या पोरांनी सुचवण्यांत ऱ असलेलाच शब्द निवडायचा. जुन्या युक्तीने अदृश्य जोडचिन्ह घालूनही हे रूप दिसतं, पण शोधात ते ऱ्य म्हणून सापडत नाही.

एका फाइलीत ‘अचूक रूपं’ म्हणून असे सगळे शब्द लिहून चारही मशीनांच्या डेस्कटॉपवर ठेवा: ॲ, ऑ, ऱ्य, ऱ्ह, ज्ञ, क्ष, ऽ, ॐ. ज्याला बटण सापडत नाही त्याने तिथून उचलावं. आणि समासातल्या प्रॉम्प्टरच्या खुणांसाठी चौकटी कंसच वापरायचा हे आजच ठरवा. मराठी लेआउटवर [ आणि ] च्या बटणांवर ड आणि नुक्ता असतात, त्यामुळे तेवढ्यासाठी विंडोज-स्पेस करून इंग्लिशमध्ये जावं लागेल, मॅकवर कंट्रोल-स्पेस. काकांनाही ते दाखवून ठेवा.